जर्मनीत कामासाठी जाताना: बिझनेस व्हिसा, आयसीटी कार्ड की ब्लू कार्ड?

चाकणकर

नमस्कार. मी चाकणच्या एका वाहन-अभियांत्रिकी कंपनीत बारा वर्षे नोकरी करतो आहे. गेल्या दोन वर्षांत शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक) बिझनेस व्हिसावर मी तीन वेळा श्टुटगार्टला जाऊन आलो. तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांचाच मुक्काम होता, बैठका होत्या, आणि काहीच अडचण आली नाही. आता कंपनी म्हणते की त्याच व्हिसावर ८० दिवस जा आणि तिथल्या ग्राहकाच्या चमूत बसून रोज कॅलिब्रेशनचे काम कर. निमंत्रणपत्रावर मात्र ‘तांत्रिक चर्चा व समन्वय’ एवढेच लिहिले आहे, आणि ते वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

दुसरे असे की पुढच्या वर्षी मला तीन वर्षांसाठी तिथे पाठवण्याचा विचार चालू आहे. मनुष्यबळ विभागाच्या मते आयसीटी कार्ड (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) सोपे पडेल, तर जर्मन उपकंपनीतले वरिष्ठ थेट तिथला करार, म्हणजे ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांसाठीचा निवास परवाना), देण्याची भाषा करीत आहेत. माझे वय ३८ आहे, पत्नी शिक्षिका आहे, मुलगी दुसरीत आहे आणि आई सांगलीला एकटी असते. कोणता कागद घेतला असता पुढे कोणती दारे उघडी राहतात, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

नेकारकाठ

चाकणकर, तुमची अस्वस्थता रास्त आहे, म्हणून आधी ८० दिवसांच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे असा पक्का समज आहे की ९० दिवसांच्या आत केलेले काहीही ‘बिझनेस’ ठरते. जर्मन कायदा दिवस मोजतो हे खरे, पण त्याआधी तो कामाचे स्वरूप पाहतो. तिथल्या रोजगार नियमावलीच्या कलम १६ प्रमाणे, परदेशी मालकाच्या नोकरीत असलेल्या माणसाने बैठका घेणे, वाटाघाटी करणे, प्रस्ताव तयार करणे, करारावर सह्या करणे आणि कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणे या गोष्टी ‘नोकरी’ मानल्या जात नाहीत, आणि त्यांना १८० दिवसांत ९० दिवसांची मुभा आहे. ग्राहकाच्या चमूत रोज हजेरी लावून त्यांच्या प्रकल्पाचे नेहमीचे काम उरकणे यात बसत नाही, मग ते ८० दिवस असो वा आठ.

याला लागून आणखी दोन कलमे आहेत. तुमच्या कंपनीने तिथे एखादे यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकले असेल आणि त्याची जोडणी, देखभाल, दुरुस्ती किंवा ते वापरण्याचे शिक्षण देण्यासाठी तुम्ही जात असाल, तर कलम १९ खाली १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत वेगळी मंजुरी लागत नाही. मात्र काम सुरू होण्यापूर्वी मालकाने जर्मन रोजगार संस्थेला तसे कळवावे लागते. कलम १७ हे आंतरराष्ट्रीय उद्योगसमूहातल्या कर्मचाऱ्याच्या अंतर्गत प्रशिक्षणासाठी आहे. तुमचे वर्णन वाचून तुम्ही या दोहोंपैकी कशात बसत असाल असे मला वाटत नाही.

माझ्या ओळखीच्या एका तरुण अभियंत्यावर काय प्रसंग आला, तो सांगतो. त्याच्याही पत्रावर ‘बैठक’ असे लिहिले होते. विमानतळावर अधिकाऱ्याने त्याची बॅग उघडायला सांगितली, तर आत पोलादी टोकाचे सुरक्षा बूट, ग्राहकाच्या नावाचे ओळखपत्र आणि तीन आठवड्यांचे शिफ्टचे छापील वेळापत्रक निघाले. तो तिथूनच परतला. पाठवणाऱ्या कंपनीने ‘गैरसमज झाला’ म्हणून हात झटकले, पण त्यानंतरच्या प्रत्येक व्हिसा अर्जात, आपल्याला कधी प्रवेश नाकारला गेला होता का, या रकान्यात ‘होय’ हे त्यालाच लिहावे लागते. विनापरवाना काम करून घेतल्याबद्दल मालकाला पाच लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. कामगारालाही दंड असतो, आणि प्रवेशबंदीची टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर राहते. लेखी स्पष्टीकरण मिळाल्याशिवाय जाऊ नका.

लेखापाल

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मोजणीबद्दल थोडी भर घालतो, कारण आमच्या कार्यालयात येणारे निम्मे लोक इथेच चुकतात.

९० दिवसांची गणना कॅलेंडरच्या सहामाहीने होत नाही. तुम्ही ज्या दिवशी शेंगेन क्षेत्रात आहात, त्या प्रत्येक दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्या खिडकीत किती दिवस आत होता ते पाहायचे. आगमनाचा आणि प्रस्थानाचा, दोन्ही दिवस धरले जातात. ही गणना एकट्या जर्मनीची नसून सर्व २९ शेंगेन देशांची मिळून आहे, त्यामुळे मध्ये चार दिवस पॅरिसला सुटी घेतली तर तीही त्यात येते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर इलेक्ट्रॉनिक नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. शिक्का पुसट उमटला म्हणून दिवस सुटून जाण्याचा काळ त्यामुळे संपला.

भारतीयांसाठी एक चांगला बदल एप्रिल २०२४ मध्ये झाला. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा. व्हिसा पाच वर्षांचा असला तरी ९० दिवसांची मर्यादा सुटत नाही. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि प्रवासी विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे लागते.

१८३ दिवसांचा जो नियम तुमच्या कानांवर येतो, तो प्राप्तिकराचा आहे, व्हिसाचा नव्हे. भारत-जर्मनी दुहेरी करारोपण कराराप्रमाणे पगारावर कर कोणत्या देशाने घ्यायचा हे ठरवताना तो पाहिला जातो, आणि तिथेही पगार कोण देतो ही अट सोबत असतेच. ‘१८३ दिवसांपर्यंत काही होत नाही’ असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नका.

ठाणे_ते_म्युनिक

आयसीटी कार्डाबद्दल मी अनुभवाने लिहितो, कारण मी त्यावर पूर्ण तीन वर्षे काढली आहेत.

हे कार्ड कंपनीअंतर्गत बदलीसाठी आहे. युरोपीय संघाबाहेरच्या कंपनीत नोकरी कायम ठेवून त्याच समूहाच्या जर्मन शाखेत काम करायचे असते. बदलीपूर्वी समूहात सलग किमान सहा महिने नोकरी झालेली असावी लागते, आणि व्यवस्थापक किंवा तज्ज्ञ असाल तर कमाल मुदत तीन वर्षे असते (प्रशिक्षणार्थींसाठी एकच वर्ष). अर्ज संघाबाहेरूनच करावा लागतो. पगार तिथल्या समकक्ष कर्मचाऱ्याइतका असावा लागतो, पण तो भारतातून काढता येतो. पत्नीला भाषेच्या प्रमाणपत्राशिवाय सोबत येता येते आणि नोकरीही करता येते.

माझी चूक झाली ती पेन्शनच्या बाबतीत. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्याप्रमाणे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ आणले की ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनचे हप्ते भरावे लागत नाहीत आणि भारतातला पीएफ चालू राहतो. कंपनीने ते आणले, हातात येणारा पगार वाढला आणि मी खूष झालो. तीन वर्षांनी इथेच राहायचे ठरवले, तेव्हा कळले की कायमच्या वास्तव्य परवान्यासाठी जर्मन पेन्शनच्या हप्त्यांचे महिने मोजले जातात, आणि माझ्या खात्यावर एकही महिना नव्हता. पुढे जर्मन करार मिळवून मी ब्लू कार्ड घेतले आणि मोजणी पहिल्या महिन्यापासून सुरू झाली. मोठा मुलगा तोवर पाचवीत गेला होता.

ज्यांना नक्की परत यायचे आहे, त्यांच्यासाठी आयसीटी वाईट नाही, कारण भारतातली नोकरी, ज्येष्ठता आणि पीएफ तिन्ही अखंड राहतात. ज्यांचे ठरलेले नाही, त्यांनी मात्र ते केवळ ‘सोपे’ म्हणून घेऊ नये. ते कंपनीसाठी सोपे असते.

चाकणकर

सर्वांचे मनापासून आभार. पेन्शनच्या हप्त्यांची बाब आमच्या मनुष्यबळ विभागाने एकदाही काढली नव्हती.

आता ब्लू कार्डाबद्दल विचारतो. माझी पदवी २००९ ची आहे आणि तिच्यावर ‘पुणे विद्यापीठ’ असे जुने नाव आहे. पगाराची अट नेमकी किती आहे? आणि आईला भेटायला, किंवा गरज पडली तर तिच्याजवळ राहायला, वरचेवर यावे लागेल. त्याने परवाना धोक्यात येतो का?

नेकारकाठ

क्रमाने सांगतो.

ब्लू कार्डाची तरतूद १८ नोव्हेंबर २०२३ पासून निवास कायद्याच्या कलम १८ जी मध्ये आहे. पगाराची अट दर जानेवारीत बदलते, कारण पेन्शन विम्याचे हप्ते ज्या वार्षिक पगारापर्यंत आकारले जातात त्या कमाल मर्यादेशी ती जोडलेली आहे: सर्वसाधारण व्यवसायांसाठी त्या मर्यादेच्या ५० टक्के, आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी व नव्या पदवीधरांसाठी ४५.३ टक्के. २०२५ मध्ये हे आकडे वर्षाला ४८,३०० आणि ४३,७५९.८० युरो होते, तर २०२६ साठी ५०,७०० आणि ४५,९३४.२० युरो झाले आहेत. अभियंते टंचाईच्या यादीत येतात, म्हणून तुम्हाला खालचा आकडा लागू व्हावा, पण त्यासाठी रोजगार संस्थेची संमती लागते. तुमचा करार डिसेंबरात सही होणार असेल आणि अर्ज जानेवारीत जाणार असेल, तर नव्या वर्षाचा आकडा धरून पगार ठरवून घ्या. हे सगळे आकडे करकपातीपूर्वीच्या पगाराचे आहेत. अनिश्चित बोनस त्यात धरू नये.

पदवीसाठी आनाबिन नावाची जर्मन माहितीसूची पाहा. तिच्यात विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त असल्याची खूण) असावे आणि पदवी समतुल्य म्हणून नोंदलेली असावी. दोन्ही पाने छापून अर्जाला जोडायची. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. तपासणाऱ्याला तो इतिहास माहीत असेल असे गृहीत न धरता, नामांतराची एक ओळ सोबतच्या पत्रात लिहावी. सूचीत पदवी सापडली नाही तर समतुल्यतेचे निवेदन मागवावे लागते, आणि त्याला वेळ जातो.

कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी ब्लू कार्डावर २७ महिने नोकरी, तेवढेच पेन्शनचे हप्ते आणि जर्मन भाषेची ए१ (प्राथमिक) पातळी लागते. बी१ (मध्यम) पातळी गाठली तर २१ महिने पुरतात. म्हणजे भाषेचा अभ्यास सहा महिने वाचवतो. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते आणि ते ३० दिवसांपर्यंत बदल थोपवून तपासू शकते. पुढे ती अट राहत नाही.

आईंच्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. सामान्य निवास परवाना सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास रद्द होतो. ब्लू कार्डधारकाला आणि त्याच्या कुटुंबाला ही मुदत १२ महिन्यांची आहे. एखाद्या मोठ्या आजारपणात भारतात चार-आठ महिने राहावे लागले, तर हा फरक किती मोठा असतो हे मी स्वतः अनुभवले आहे. माझे वडील गेले त्या वर्षी मी सात महिने मिरजेत होतो. मालकाची बिनपगारी रजा लेखी घेतली होती, कार्यालयाला कळवले होते, आणि परतल्यावर कार्डाला काहीही झाले नव्हते.

दुसरे उत्तर असे की १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगाराचा पहिला परवाना मिळाला आहे, त्यांना आई-वडिलांना, आणि जोडीदार तिथे कायम राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही, बोलावून घेण्याची तरतूद झाली आहे. खरी अडचण आरोग्य विम्याची असते. सत्तरीतल्या माणसाला जर्मनीत पुरेशा संरक्षणाचा विमा मिळवणे महाग आणि अवघड आहे, आणि विम्याशिवाय परवाना मिळत नाही. आईंना आधी भेट-व्हिसावर आणून पाहा. सांगलीच्या अंगणात वाढलेल्या माणसाला तिथली जानेवारी मानवते की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

नाशिककर

धाग्यात सगळी चर्चा पदवीधरांची चालली आहे, म्हणून विचारतो. माझ्याकडे तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा आहे आणि सातपूरला सीएनसीवर नऊ वर्षांचा अनुभव आहे. आमच्यासाठी काही मार्ग आहे का? एका दलालाने ‘गॅरंटीड वर्क परमिट’साठी साडेचार लाख मागितले आहेत.

नेकारकाठ

नाशिककर, पैसे देऊ नका. व्हिसाची हमी कुणीही देऊ शकत नाही.

तुमच्यासाठी मार्ग आहे. मार्च २०२४ पासून अनुभवी कामगारांसाठी वेगळी तरतूद आहे. स्वदेशात शासनमान्य असलेला, किमान दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव आणि ठरावीक किमान पगाराचा जर्मन करार, या तीन गोष्टी असल्या तर जर्मनीत पात्रतेची औपचारिक मान्यता घ्यावी लागत नाही. २०२५ साठी तो किमान पगार वर्षाला ४३,४७० युरो होता. डिप्लोमाला शासनाची मान्यता असल्याची खातरजमा जर्मन यंत्रणेकडून करून घ्यावी लागते. संगणक क्षेत्रात तर पदवीशिवायही, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव दाखवून, थेट ब्लू कार्ड मिळू शकते.

महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आहे. त्यातली प्रगती अपेक्षेहून धीमी आहे असे माझे मत आहे, पण तो मार्ग सरकारी आहे, म्हणून दलालाकडे जाण्यापूर्वी तिथे चौकशी करावी.

भाषाशिक्षिका

मी पुण्यात जर्मन शिकवते. नाशिककरांसारखे बरेच विद्यार्थी ‘चान्सेनकार्टे’, म्हणजे संधी-कार्ड, याबद्दल विचारतात, म्हणून थोडे लिहिते.

१ जून २०२४ पासून सुरू झालेले हे कार्ड नोकरी शोधण्यासाठी एक वर्षापर्यंत मिळते. मूळ पात्रतेसोबत जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ लागते, आणि पुढे किमान सहा गुण जमवावे लागतात. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर तीन गुण मिळतात, वय ३५ च्या आत असेल तर दोन, जर्मन बी२ असेल तर तीन, बी१ असेल तर दोन आणि ए२ असेल तर एक. शोधाच्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. पण निर्वाहाची सोय आधी दाखवावी लागते, आणि २०२५ मध्ये त्यासाठी महिन्याला १,०९१ युरो धरले जात होते. म्हणजे वर्षाचे तेरा हजारांहून अधिक युरो गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात ठेवायचे.

मला हे कार्ड नोकरीची खरी तयारी असलेल्यांनाच सुचवावेसे वाटते. ए१ प्रमाणपत्र आणि कर्जाचे पैसे घेऊन गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने नऊ महिने गोदामात अर्धवेळ काम केले. त्याचा तांत्रिक अनुभव चांगला होता, पण मुलाखतीत ‘बिघाड झाला तर तुम्ही आधी काय कराल’ या प्रश्नाचे उत्तर त्याला जर्मनमध्ये देता आले नाही. कारखान्यात इंग्रजीवर भागत नाही. नाशिककर, तुम्ही बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा दुसऱ्या चांगल्या वर्गात बी१ पूर्ण करा आणि नोकरीचे अर्ज इथूनच करा. तुमच्या हाताला जर्मनीत मागणी आहे.

सिंहगडरोड

पोहोचल्यानंतरच्या कागदांबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तिला घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. घर भाड्याने घेतानाच तो मागून ठेवा. त्या नोंदणीनंतर करक्रमांक पोस्टाने येतो. भारतात मिळालेला राष्ट्रीय (दीर्घ मुक्कामाचा जर्मन) व्हिसा काही महिन्यांचाच असतो, त्यामुळे कार्डासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ लगेच मागावी. मोठ्या शहरांत ती मिळायला महिने लागतात.

व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज केला असेल पण कार्ड आले नसेल, तर मधल्या काळासाठी ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचे घडीचे पत्रक मिळते. त्याच्या आतल्या पानावर तीन चौकटी असतात. निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ च्या चौकटीत खूण असेल, तर जुने हक्क तसेच चालू राहतात, नोकरी चालू ठेवता येते आणि भारतात जाऊन परत येता येते. परिच्छेद ३ च्या चौकटीत खूण असेल, तर देशाबाहेर पडल्यावर त्या पत्रकावर परत येता येत नाही. माझ्या पत्रकावर चुकून दुसऱ्याच चौकटीत खूण झाली होती. खिडकीसमोर उभा असतानाच ते माझ्या लक्षात आले, मी विनंती केली आणि त्यांनी तिथल्या तिथे नवे पत्रक दिले. गणपतीची तिकिटे काढलेली होती. घरी जाऊन वाचले असते तर दुरुस्तीसाठी पुन्हा वेळ घ्यावी लागली असती.

व्हिसाचा अर्ज नाकारला गेला तर पूर्वी वकिलातीकडे फेरविचाराचा लेखी अर्ज करता येत असे. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे, आणि आता नव्याने अर्ज करणे किंवा न्यायालयात जाणे एवढेच उरते. पहिलाच अर्ज नीट जाऊ द्या.

चाकणकर

सहा आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

८० दिवसांच्या प्रवासाबद्दल मी व्यवस्थापकांना ईमेलने तीन प्रश्न विचारले: मी तिथे नेमके कोणते काम करणार, ते कोणत्या कलमात बसते, आणि निमंत्रणपत्रात तसे लिहून मिळेल का. दहा दिवस उत्तर आले नाही. मग जर्मन उपकंपनीच्या वकिलाने स्वतः फोन करून सांगितले की हे काम बिझनेस व्हिसावर करता येणार नाही. आता मी त्या व्हिसावर पाच दिवसांच्या आढावा बैठकीसाठी जाऊन आलो आहे, आणि कॅलिब्रेशनचे काम सध्या चाकणहूनच चालू आहे.

दीर्घकाळासाठी आम्ही जर्मन करार स्वीकारला. पगार २०२६ च्या वरच्या मर्यादेच्याही थोडा वर ठरला आहे. उपकंपनीने ४११ युरो भरून व्हिसा लवकर मिळण्यासाठीची शीघ्र प्रक्रिया सुरू केली आहे. भारतातली बारा वर्षांची ज्येष्ठता सुटते आहे याचे वाईट वाटते, ते मी नाकारत नाही. आनाबिनची दोन्ही पाने आणि नामांतराची ओळ असलेले पत्र अर्जाला जोडले आहे. आम्ही दोघांनीही ए१ चा वर्ग लावला असून बाईंच्या सल्ल्याप्रमाणे बी१ पूर्ण होईपर्यंत शिकणे थांबवायचे नाही असे ठरवले आहे.

आईला बारा महिन्यांच्या मुदतीबद्दल सांगितले. तिने मध्येच थांबवून, मुलीची शाळा तिकडे कधी सुरू होते, एवढेच विचारले. श्टुटगार्टला सप्टेंबरात सुरू होते असे मी सांगितले, तेव्हा तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने उलटून पाहिली आणि गौरी-गणपती करूनच निघा म्हणाली. पुढच्या सोमवारी बोटांचे ठसे द्यायला जायचे आहे.